रेबीज, रेज आणि साडू

३ मार्च.
व्युत्पत्तिकोशाच्या कचेरीत आज अनर्थ. लॅटिन 'रेबीज'ची नोंद मी सहा आठवडे खपून लिहिली, आणि प्रुफात खाली नाव पडलं साडूचं. तोही इथेच, समोरच्या टेबलावर. संपादकबाई म्हणाल्या, चूक झाली असेल, बघते. म्हटलं, राहू द्या. मी रागावलेलो नाही. फक्त सूड घेणार आहे.

६ मार्च, सकाळी ११.
नोंद पुन्हा वाचली. अप्रतिम. 'रेबीज' म्हणजे मुळात संताप, पिसाळणं. स्पॅनिशमध्ये 'राबिया', इटालियनमध्ये 'राब्बिया', फ्रेंचमध्ये 'राझ'. त्याच फ्रेंच शब्दाचा इंग्रजीत 'रेज' झाला. त्या तिन्ही भाषांत माणसाचा राग आणि कुत्र्याचा रोग, दोन्हींना एकच शब्द. साडूला यातलं ओ की ठो कळत नाही.

७ मार्च.
बायको म्हणाली, समोरासमोर विचारून टाका, माणूस भला आहे. म्हणणारच. धाकट्या बहिणीचा नवरा ना. निषेध म्हणून चहा घेतला नाही. नंतर घेतला. गार होत होता.

९ मार्च.
प्लॅन फायनल. शेवटचं प्रूफ माझ्याच हातून जातं. एकच ओळ घुसवायची: 'इंग्रजीतला रॅबिट याच शब्दापासून आला, कारण ससा हा मुळात तापट प्राणी.' नाव साडूचं, हसंही साडूचं.

१२ मार्च.
घुसवली. बाईंनी न वाचताच सही केली. म्हणाल्या, तुम्ही पाहिलंय म्हणजे प्रश्नच नाही. त्यांना बिस्कीट दिलं. मग पुडाच दिला.

१५ मार्च.
कँटीनमध्ये साडू काहीतरी सांगायला आला. मी ताट उचलून दुसरीकडे बसलो. शत्रू टरकलाय.

१६ ते ३१ मार्च.
शांत झोप. रोज मनातल्या मनात त्याची फजिती बघतो. काल त्यात तो रडला.

२ एप्रिल, दुपारी.
कोश आला. पहिली प्रत घेऊन साडू स्वतः माझ्या टेबलाशी. म्हणाला, "भाऊजी, नोंद तुमची आणि नाव माझं, मला चैन पडेना. तुम्ही तर बोलायलाही तयार नव्हता. मग परस्पर छापखान्यात जाऊन बदलून घेतलं."

पान उघडलं. माझं नाव. ठळक टाइपात. त्याच्या बरोब्बर वर ससा.

साडू म्हणाला, "सशाचं मला ठाऊकच नव्हतं. तुमच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे."

म्हटलं, हो.