हद्दवाढ आणि आर्डिथ मावशीची वाळू

ड्राय फोर्क वस्ती,
टॉलिव्हर शहराच्या हद्दीबाहेर (अजून तरी),
ॲरिझोना.
१९ मे

तीर्थरूप आर्डिथ मावशीस,

हॉलिसचा वाकून नमस्कार. (वाकणे कागदापुरते समजावे. कंबर धरली आहे, का ते पुढे येईलच.) तुझी प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? कानातले ते यंत्र शिट्टी वाजवायचे थांबले का? गुरुवारचा पत्त्यांचा डाव चालू असेलच, आणि समोरच्या खोलीतली ती बाई अजून पाने लपवत असेल. तिच्यावर लक्ष ठेव. तुमच्या मिनेसोटात आता बर्फ वितळला असेल. आमच्याकडे काल पारा एकशे सहा फॅरनहाइटवर होता, पण हवा कोरडी असल्याने माणसाला घाम येत नाही, नुसता वाळतो. नोरीन मजेत आहे, नमस्कार सांगते. गेल्या चार वर्षांत तुझ्या पत्रांना उत्तर टाकायला जमले नाही याचे फार वाईट वाटते. (नोरीन मागे उभी राहून वाचते आहे. ती म्हणते चार नाही, सहा. तर सहा.) पत्रास विशेष कारण असे काही नाही. सहज आठवण आली.

इकडची खबर म्हणशील तर गेले चौदा महिने आमच्यामागे हद्दवाढीचे शुक्लकाष्ठ लागले आहे. तुला ठाऊकच आहे, वर्नन काकांनी वर्तमानपत्रातली जाहिरात बघून इथली चाळीस एकर जमीन टपालाने घेतली होती. जाहिरातीत तलाव होता आणि तलावात शिडाची होडी होती. तू तिला जन्मभर ‘ती वाळू’ म्हणत आलीस, आणि मी तिच्या काठावर एकतीस वर्षे राहिलेला माणूस सांगतो, तुझे शंभर टक्के बरोबर आहे. त्यातला कोपऱ्यातला एक एकर काकांनी आमच्या लग्नात आहेर दिला, तेव्हा तुझी राहिली एकोणचाळीस. वस्तीत अजून सगळे चाळीसच म्हणतात. त्या जमिनीत काटे, विंचू आणि एक मोडका फ्रिज (आमचा नव्हे) याखेरीज काही नाही. तिच्याबद्दल बोलण्यासारखेही काही नाही, म्हणून तो विषय मी इथेच सोडतो.

तर झाले असे की, तुझ्या वाळूच्या पलीकडची जमीन एका कंपनीने घेतली. तिथे त्यांना बत्तीस नळांचा पेट्रोल पंप, दोन बर्गरची दुकाने, ट्रक उभे करायला मैदान आणि गाड्या धुण्याचा कारखाना काढायचा आहे. आम्ही इथे प्यायचे पाणी टँकरने आणतो, आंघोळीला बादली मोजून घेतो, आणि समोर ट्रक न्हाऊन निघणार. वर आठ मजली खांबावर दिव्यांची पाटी, ती थेट आमच्या ओसरीत उजेड पाडणार. जिल्हा असल्या गोष्टीला परवानगी देत नाही, पण टॉलिव्हर शहर देते. म्हणून कंपनीची इच्छा अशी की शहराने हद्द वाढवून आम्हाला पोटात घ्यावे. शहराची भूक चांगली आहे.

आता तू म्हणशील, हॉलिस, तुझ्या ओसरीत असे काय सोने पुरले आहे? काही नाही. संध्याकाळी ऊन कलले की मी आणि नोरीन गार चहाचे पेले घेऊन बसतो. कोरड्या ओढ्यातून लाव्हे बाहेर पडतात, पुढे आई, मागे दहाबारा पिल्ले, आणि रस्ता ओलांडतात. ती मोजायची, एखादे कमी भरले तर हळहळायचे, आणि मग अंधार पडेपर्यंत गप्प बसायचे. एवढाच आमचा कार्यक्रम. हद्दवाढीची नोटीस आली त्या दिवशी नोरीन म्हणाली, “लग्न करून आणलंस तेव्हा तुझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ही शांतता तेवढी होती. ती पण जाणार असेल तर आधी सांग, मी बहिणीकडे जाते.” बहीण टेक्सासला आहे आणि दोघींचे पटत नाही, यावरून काय ते समज.

म्हणून आम्ही बारा घरांनी मिळून ‘ड्राय फोर्क हद्दवाढ विरोधी कृती समिती’ काढली. अध्यक्ष मी. चिटणीस डेल्फिना इबार्रा. ही बाई पंचवीस वर्षे शाळेची बस चालवत होती, त्यामुळे तिचे बोलणे शेवटच्या बाकापर्यंत पोचते आणि तिच्यापुढे कोणी जागेवरून उठत नाही. तिसरा सांगण्यासारखा सभासद म्हणजे ऑरिन टॅकेट, शेळ्यावाला. कोणी आपल्याला काही सांगू नये एवढ्यासाठी हा माणूस वाळवंटात येऊन राहिला. त्याला सरकार चालत नाही, शहर चालत नाही, आणि समिती हेही एक प्रकारचे सरकारच असल्याने समितीही चालत नाही. म्हणून तो प्रत्येक ठरावाच्या विरुद्ध मत देतो. आमचे सगळे ठराव अकरा विरुद्ध एकने पास होतात. ऑरिनच्या शेळ्यांना कोणी हाकलू नये हा ठराव त्यानेच मांडला आणि त्याच्याही विरुद्ध मत दिले. त्याच शेळ्यांनी कंपनीचा नोटिशीचा फलक खाल्ला तेव्हा आम्ही त्यांचे अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा खाल्ला.

कायद्यात आमच्या बाजूचे एकच कलम निघाले. हद्दीला लागून नसलेली जमीन शहराला घेता येत नाही, मधला तुकडा टाकून उडी मारता येत नाही. आणि शहराची हद्द व कंपनीची जमीन यांच्या मध्ये आडवा पडलेला एकच तुकडा आहे. (तुझा. पण तो विषय मी सोडला आहे.) त्या तुकड्याच्या मालकाची सही झाल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही, आणि मालक कंपनीला सापडत नव्हता. नोंदीत काकांचे नाव आणि तुमच्या जुन्या घराचा पत्ता, तिथे पाठवलेली पत्रे परत येत होती, आणि कर बिचारी बँक काकांच्या खात्यातून सवयीने भरते आहे. तेव्हा समितीने ठराव क्रमांक चार केला: चाळीस एकरांबद्दल कोणीही, कुठेही, कोणाशीही अवाक्षर काढू नये. हा ठराव मी मांडला. डेल्फिनाने इतिवृत्तात माझ्या नावाखाली रेघ मारून ठेवली आहे, ती हल्ली मला वरचेवर दाखवते.

मार्चमध्ये नगरसेवक जागेची पाहणी करायला यायचे ठरले. आमचा रस्ता कच्चा आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही पिकअपच्या मागे जुना लोखंडी पलंग साखळीने बांधतो आणि रस्त्यावरून ओढतो, म्हणजे खड्डे बुजतात. पलंग उडू नये म्हणून वर वजनदार माणूस बसवावा लागतो. तो मान माझा. (अध्यक्षपदही त्यातूनच आले असावे, असे नोरीनचे मत आहे.) आम्हाला शहराच्या डांबराची गरज नाही हे नगरसेवकांना दिसावे म्हणून आम्ही तीन दिवस रस्ता ओढला. पाचव्या फेरीला दगड लागला, पलंग एकीकडे आणि मी निवडुंगात. काटे डेल्फिनाने चिमट्याने काढले, सगळ्यांच्या देखत. रस्ता मात्र असा झाला की त्यावर लाटणे सोडले असते तर थेट टॉलिव्हरला पोचले असते. नगरसेवक आले, काचा न उघडता सुळकन चार मिनिटांत पलीकडे गेले, आणि अहवालात लिहिले की सदर रस्ता अवजड वाहतुकीस आजच योग्य आहे.

मग सुनावणी. आपली एकजूट दिसावी म्हणून सगळ्यांनी एकाच रंगाचे शर्ट घालायचे ठरले. रंग वाळवंटाला शोभेल असा हवा, म्हणून वाळूचा निवडला. सभागृहात जाऊन बघतो तो कंपनीने भाड्याने आणलेली पन्नास माणसे वाळूच्याच रंगाच्या शर्टात बसलेली. त्यांनाही वाळवंटाला शोभायचे होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: ‘हद्दवाढीला साठहून अधिक नागरिकांचा पाठिंबा’. पहिल्या रांगेत मी आहे. चांगला आला आहे फोटो.

बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटे. मी आठ दिवस तयारी केली होती, लाव्ह्यांपासून सुरुवात करून पाण्यावर येणार होतो. पण माझ्या आधी कंपनीचा वकील उठला. सभ्य माणूस, आवाज गोड. तो म्हणाला की मधल्या जमिनीचे मूळ मालक वारले असून त्यांच्या पत्नीही बहुधा हयात नसाव्यात, वारस कोणी नाही, सबब कोर्टाकडून जमीन बेवारस ठरवून घ्यावी. डेल्फिना पुटपुटली, “घालू दे कोर्टात, चार वर्षं कुठे गेली नाहीत.” तिचे बरोबर होते. मला फक्त गप्प बसायचे होते. पण मावशी, खरे सांगतो, त्याने तुला हयात नाही म्हटल्यावर माझे डोके फिरले. बेवारस? हयात नाही? नोरीनने शर्ट ओढला, तो तिच्या हातात राहिला (कापड हलकेच होते), आणि मी बनियनवर उभा राहिलो.

मी म्हणालो, “ओ वकीलसाहेब, हयात नाही कोण? माझी मावशी? अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, अजून पत्त्यात तुम्हाला नागवं करून घरी पाठवेल!” मग मी तुझे पूर्ण नाव सांगितले. वृद्धाश्रमाचे नाव सांगितले, खोली क्रमांक चौदा सांगितला, आणि गुरुवारी दुपारी तू भेटत नाहीस हेही सांगितले. कारकुनाने पिनकोड विचारला. तोही सांगितला. पाठ होता. (म्हणजे बघ, पत्र लिहिले नसले तरी पत्ता पाठ आहे.) वकिलाने सगळे लिहून घेतले आणि हात जोडून माझे आभार मानले. चौदा महिन्यांत त्या बाजूने माझे आभार मानणारा तो पहिलाच.

 परत येताना वीस मैलांवर ऑरिन गाडीत म्हणाला, “म्हणून मी म्हणतो, समिती नको.” त्यावर कोणी विरुद्ध मत दिले नाही. डेल्फिनाकडून दर रविवारी मक्याच्या वाफवलेल्या टमालीचा डबा यायचा, तो तेव्हापासून बंद आहे.  ओसरीत आम्ही बसतो, पण पिल्ले नोरीन मनातल्या मनात मोजते आणि आकडा मला सांगत नाही.

असो. इकडे बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप, दारासमोर चिखल असेल तर बाहेर पडू नकोस. आठवण आली म्हणून चार ओळी लिहिल्या, काम काही नव्हते.

तुझा भाचा,
हॉलिस

ता. क. तुझ्याकडे एखाद दिवशी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ येईल. फळांची टोपली आणेल. फळे ठेवून घे. कागद ठेवून घेऊ नकोस, आणि चष्मा सापडत नाही असे सांग.

दुसरा ता. क. लपवण्यात अर्थ नाही. हे पत्र समितीच्या ठराव क्रमांक एकोणीसप्रमाणे लिहिले आहे: ‘अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने घातलेला घोळ स्वतःच्या हाताने निस्तरावा, आणि मावशीला सही न करण्याची विनंती करावी.’ ठराव बारा विरुद्ध शून्यने पास झाला. ऑरिनने आयुष्यात पहिल्यांदा बाजूने मत दिले. तेव्हा मावशी, पाया पडतो, सही करू नकोस.

तिसरा ता. क. (हा डेल्फिनाने पत्र तपासून दिल्यानंतर लिहितो आहे, तिला कळवू नकोस.) आज संध्याकाळी नोरीनने विचारले, मावशीच्या खिडकीतून काय दिसते? मी म्हटले, गाड्या लावायची जागा. तिने पेला खाली ठेवला आणि मागच्या खोलीत गेली. कंपनी जमिनीचे जे पैसे देईल त्यात तुला मोठी खोली मिळेल, दिवसरात्र जवळ एक बाई राहील, हे मला सुनावणीपासून माहीत आहे आणि इतकी पाने लिहूनही मी ते लिहिले नाही. इतकी वर्षे तुझी विचारपूस न करणाऱ्या माणसाने तुला वाळू राखून ठेव म्हणून विनवावे, याची मला लाज वाटते. जमीन तुझी आहे. सही करावीशी वाटली तर कर, मी रागावणार नाही.

मात्र त्याआधी आठ दिवस इथे येऊन राहा. न्यायला मी येतो, गाडीने तीन दिवस लागतील. मागच्या खोलीतून नोरीन समितीची खोकी बाहेर काढते आहे. मी तिला म्हटले, अगं, मावशीने अजून हो म्हटलेले नाही, आणि आली आणि तरीही सही केली तर? ती म्हणाली, “केली तर केली. तू आधी तिला घेऊन ये.” उद्या गाडीचे टायर तपासून घेतो.