सरकारी कामापुरती वेगळी चूल

ग्रां बुआ, सोमवार, ५ ऑगस्ट १९८५
आजपासून डायरी. प्लॅनिंग करणाऱ्या माणसाकडे डायरी हवीच.
काल रेडिओवर ऐकलं. कमी कमाईच्या घरांना सरकार दर महिन्याला शिधा देणार. तांदूळ, पीठ, डाळ, तेल, दूध पावडर. फुकट! हरिप्रसादकाकांना विचारलं. काका मराठी मंडळीचे सेक्रेटरी, कायदा बोलायला लागले की थांबत नाहीत. म्हणाले, एका हंडीतलं जेवतात ते एक घर, आणि घरातल्या सगळ्यांची कमाई एकत्र धरतात.
धरली. आम्ही मर्यादेच्या जरासे वर बसतो. चिडचिड झाली. दोष बायकोच्या, इंद्राणीच्या भाजीचा. घरामागे ब्रेदचे वाफे करते, शनिवारी बाजारात नेऊन पालेभाजी विकते. कधी चार पैसे, कधी तेही नाहीत. असल्या बेभरवशाच्या कमाईने हिशेब बिघडतो. माझा साखर मिलमधला वॉचमनचा पगार आणि तिथल्याच जुन्या नोकरीची पेन्शन दर महिन्याला वेळेवर येतात, त्यांना कोण नाव ठेवणार?

बुधवार, ७ ऑगस्ट. दुपारी, ड्युटीवर
सापडलं! मिलच्या गेटवर बसल्या बसल्या सुचलं. (मध्ये उसाची एक लॉरी येऊन गेली म्हणतात. ड्रायव्हरने गेट स्वतःच उघडलं.)
चूल वेगळी करायची. कागदावर दोन घरं. मी एकटा जीव, बायकोच्या भाजीशी संबंध नाही. एकट्या जिवाला आख्खी पिशवी.
अंदाज: तांदूळ दहा किलो, पीठ पाच, डाळ दोन, तेलाची बाटली, दूध पावडरचा डबा. मला एवढं लागत नाही. उरलेलं इंद्राणीला देईन. माझा स्वभावच तसा.

गुरुवार, ८ ऑगस्ट
फॉर्म भरून दिला. मग इंद्राणीला सांगितलं. भोपळा चिरत होती, मान वर केली नाही. विचारलं, काय लिहिलंत? म्हटलं, मला रांधून घालणारं कोणी नाही, असं लिहिलं. सुरी थांबली. असं लिहिलंत? म्हणाली. म्हटलं, अगं, सरकारी कामापुरतं.
सुरी पुन्हा चालू झाली. मी होकार धरला. मग म्हणाली, विचारायला कोणी आलं तर मी खोटं बोलणार नाही. चूल वेगळी तर वेगळीच.
म्हटलं, खोटं बोलायचंय कशाला? खरंच वेगळी करू. अधिकारी कधी येईल सांगता येत नाही. शिस्त हवी. बायकांना शिस्त समजावून सांगावी लागते.

शनिवार, १० ऑगस्ट
बाजारातून रॉकेलचा रेशो आणला, एका बर्नरचा. मागच्या हंगारात, पत्र्याच्या शेडमध्ये, मांडला. इंद्राणीने आपण होऊन एक पातेलं, एक ताटली, एक चमचा आणून दिला. फारच सहकार्य.
या महिन्याचे घरखर्चाचे पैसे तिला दिले नाहीत. चूल वेगळी तर पैसे कसे देणार? नियम म्हणजे नियम. शिवाय बचत.

रविवार, ११ ऑगस्ट
पहिला भात. खालचा करपला, वरचा कच्चा राहिला. मधला उत्तम.

मंगळवार, २० ऑगस्ट
अधिकारी आला नाही. पाव आणि डब्यातले मासे. मासे आणि पाव.
इंद्राणी मुद्दाम खिडकी उघडी ठेवून लसणाची फोडणी देते. मसुराची आमटी होती. वासावरूनच कळलं, कोकमही घातलंय. खिडकीशी जाऊन वाटीभर मागितली. म्हणाली, अधिकारी कधी येईल सांगता येत नाही.
माझंच वाक्य. लक्षात ठेवलंय, म्हणजे ऐकते तर.

शुक्रवार, ३० ऑगस्ट
अधिकारी नाही. पँट सैल झाली. डॉक्टर गेली कित्येक वर्षं वजन कमी करा म्हणत होता, तेही काम झालं. फुकट.
संकल्प: उद्यापासून रुगाय शिकायचा. टोमॅटो, कांदा, थाइम. त्यात काय एवढं?

शनिवार, ३१ ऑगस्ट
रुगायमध्ये बरंच काही असतं. हंगाराचा एक पत्रा काळा झाला.

बुधवार, १८ सप्टेंबर. गणेश चतुर्थी
हरिप्रसादकाका सकाळीच दारात. कुठून तरी कळलं. म्हणाले, कृष्णदेव, चूल वेगळी तर नैवेद्यही वेगळा. आजे-पणजे कोकणातून बोटीत बसून या बेटावर आले तेव्हा हा नियम बरोबर घेऊन आले, तो काय ग्रां बुआत मोडायचा?
म्हटलं, काका, चूल सरकारसाठी वेगळी आहे. म्हणाले, मग देवाला काय सांगू? सरकारला विचार?
मोदकाला बसलो. उकड हाताला चिकटली, हात कपाळाला चिकटला. सात केले, सहा फुटले. सातवा उभा राहिला, पण शेंडा वाकून शेपूट झालं. काकांनी चष्मा लावून पाहिला. म्हणाले, करायला गेलास गणपती, झाला मारुती. पोट धरून हसले. आयो, देवासमोर!
इंद्राणीच्या एकवीस मोदकांशेजारी माझा एक ठेवला. देव भाव बघतो.
दुपारी प्रसादाला सगळी मंडळी आमच्या, म्हणजे तिच्या, घरी पंगतीत. मीही बसलो. प्रसादाला कोणालाही बसता येतं. ती वाढत आली. माझ्या केळीच्या पानावर दोन मोदक ठेवून पुढे गेली. पाहुण्यांना दोन दोनच होते. दरवर्षी माझ्या पानावर पाच असतात, न मागता.
वाईट वाटलं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं.

बुधवार, २ ऑक्टोबर. संध्याकाळ
आला! अधिकारी आला!! मिस्ये नंदलाल. तरुण, टाय लावलेला, बोलायला मऊ.
सगळं दाखवलं. एकटा रेशो, एकटी ताटली, काळं पातेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रॉकेलच्या धुराने असेल, पण परिणाम चांगला झाला.
मग इंद्राणीला विचारलं, नवरा तुमच्याकडे जेवतो? नाही, म्हणाली. कधीपासून? ऑगस्टपासून. घरखर्चाला पैसे देतो? नाही. तुमची कमाई? ब्रेदची भाजी.
एक शब्द खोटा नाही. काय साक्षीदार आहे! तो खाली मान घालून लिहीत होता, लिहीतच होता. मला तिचा अभिमान वाटला. पिशवी आली की दूध पावडरचा डबा आख्खा तिला.

सोमवार, २१ ऑक्टोबर
ऑफिसात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, परत येताना तांदूळ न्यायला मोठी पिशवीही घेतली.
मिस्ये नंदलाल म्हणाले, एका तोंडाला एवढा पगार, वर पेन्शन? तुम्ही मर्यादेच्या फार वर आहात. म्हटलं, काहीतरी चुकतंय, दोघं मिळून तर जरासेच वर होतो. म्हणाले, तेही तुमच्यामुळेच. कमाई माणशी मोजतात; बाई त्यात मोजायला एक माणूस जास्त, आणि तिची कमाई नावापुरती.
मग म्हणाले, बाईंचा फॉर्म त्या दिवशी मीच भरला, तो मंजूर झालाय. नवऱ्याने टाकलेली, भाजीवर जगते. दहा किलो तांदूळ, पाच पीठ, दोन डाळ, तेल, दूध पावडर.
माझा अंदाज किलोसकट बरोबर निघाला. हे मात्र कोणीतरी मान्य करायला हवं.
वर मला सुनावलं. या वयात असली बायको सोडता, लाज वाटत नाही? खरं सांगावं म्हटलं, तर ते याहून वाईट निघालं. उठलो. हात पुढे केला, त्यांनी फाइल उघडली.
मोठी पिशवी रिकामी घेऊन बसमध्ये बसलो.

सोमवार, ४ नोव्हेंबर
तिची पिशवी आली. माणसाने नाव पुकारलं, मादाम इंद्राणी. तिने सही केली आणि चिठ्ठीवरचं नाव बोटाने दोनदा वाचलं. म्हणाली, तीस वर्षं या घरात येईल ते तुमच्या नावाने आलं. पगार, पेन्शन, लग्नाच्या पत्रिकासुद्धा.
मी ते नावावरचं बोट पाहिलं आणि बोलून टाकलं. म्हटलं, इंद्राणी, पुरे झालं. घरखर्चाचे सगळे पैसे घे, मागचेही. मला तांदूळ नको, तुझी आमटी हवी. तुझ्या चुलीपाशी बसायला हवं. त्या हंगारात जीव नाही लागत.
ती हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, जिंकलं!
म्हणाली, याल तेव्हा या. पण तुम्ही आलात की मी ऑफिसात सांगणार, आणि पिशवी बंद. मी खोटं बोलत नाही. तेव्हा नव्या वर्षापर्यंत मला माझ्या नावाचं खाऊ द्या.
म्हटलं, गुपचूप आलो तर? आज, एकदाच?
म्हणाली, अहो, शिस्त हवी. अधिकारी कधी येईल सांगता येत नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर. दुपारी
कपड्यांच्या दोरीवरून हात आला. ताटली, वर दुसरी ताटली झाकलेली. आत सरकारी तांदळाचा भात आणि मसुराची आमटी. कोकम घातलेलं.
विचारलं, म्हणजे मन बदललं? नाही, म्हणाली. शेजारी उपाशी असला तर आपल्या घशाखाली घास उतरत नाही. ताटली धुऊन परत करा.
जेवलो. बोटं चाटली. ताटली धुतली. शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करू नये म्हणतात, म्हणून तीत माझा सकाळचा भात घालून दिला.
तिने तो कोंबड्यांना टाकला. मी हंगारातून पाहत होतो. कोंबड्यांनी खालचा सोडला, वरचाही सोडला.
मधला खाल्ला. मी पहिल्या दिवशीच लिहिलं होतं, मधला उत्तम असतो.