हिरवळ काढल्यावर

ता. १२ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न.

तुम्ही शिवून पाठवलेले ब्लाउज पोचले. बाह्या दंडात रुतताहेत, पण तो दोष तुमच्या कात्रीचा नाही, माझ्या दंडांचा आहे.

यांनी लिहू नको म्हणून बजावलंय, तरी लिहिते. उन्हाळ्यापासून यांचे पाय सुजायचे, चार जिने चढून दारं बसवायला जायचे ते धापा टाकत परत यायचे. शेवटी तपासून घेतलं. मूत्रपिंडांत पाण्याचे फुगे धरलेत, दोन्हीकडे, आणि काम जवळजवळ थांबलंय. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणी प्यायचं ते मोजून, लहान पेल्यानं. करवती तेल लावून खिळ्याला टांगल्यात.

दुसरी बातमी ऐकून तुम्ही रागवाल. भाऊजी होते तेव्हा तुम्ही दोघांनी इथे राहून अंगणात हिरवळ लावली होती, ती मी काढून टाकली. बागेला नळाचं पाणी घालायला बंदी आलीय. दिवसभर लोकांचे मीटर वाचत फिरायचं, कोण चोरून पाणी घालतो ते वर कळवायचं, आणि घरी येऊन स्वतः नळी धरायची, हे काही बरं दिसत नाही. आता तिथे इथलीच झाडं लावणार, तरवड, रुई, करवंद. मीटरच्या खड्ड्यांवरची लोखंडी झाकणं उचलताना कडेला ती कुणी न लावता वाढलेली दिसतात. येता येता शेंगा खिशात घालून आणते.

इथे सगळंच कोरडं पडलंय, तुमचा लोभ तेवढा ओला राहू दे.

तुमची वहिनी

ता. २८ नोव्हेंबर

चि. सौ. वहिनीस अ. आ.

उन्हाळ्यापासून पाय सुजतात आणि मला नोव्हेंबरात कळतं. आमच्या ठोक्याला म्हणावं, बहीण लांब राहते, मेली नाही अजून. लहानपणी दिसेल त्यात खिळा ठोकायचा म्हणून हे नाव पडलं. एकदा माझी चप्पल उंबऱ्याला ठोकून ठेवली होती, तेव्हाही असाच गप्प बसला होता.

हिरवळीचं मेलं काय एवढं. पण रुई का कुणी हौसेनं लावतं? गाढवंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत. वाटसरू विचारतील, या घरात माणसं राहतात की घर पडीक आहे?

आता कामाचं. मी आत्ताच दुकानातून आले. दिवसभर लोकांच्या पँटी उसवून कमरेला वाढवून देते, तेव्हा हात चालतो आणि डोकं मोकळं असतं. तर डोक्यात हे आलंय की, माझ्याकडे दोन मूत्रपिंडं आहेत आणि त्यातलं एक त्याचं. तुला साखर आहे, तुझं कुणी घेणार नाही. माझ्यामागे ना मूल ना बाळ. त्याला सांगू नकोस, आधी डॉक्टरांना विचार.

दोघांना जवळ घेतलंय असं समज.

तुझी वन्सं

ता. ९ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न.

डॉक्टरांना विचारत होते आणि हे मागे येऊन उभे राहिले. तिथून मला थेट घरी घेऊन आले. मग म्हणाले, ताईनं आधीच आयुष्यभर दुसऱ्यांचं ढिलं नि घट्ट केलंय, तिला आता माझ्यासाठी उसवायची नाही. एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, ताईचा रक्तगट कोणता ते तुला माहीत आहे का? वन्सं, त्यांना जगायचंय. मी लाज सोडून लिहिते, तपासून घ्या.

डॉक्टर म्हणाले, बहिणीची सोनोग्राफी सगळ्यात आधी करा, कारण हे दुखणं घराण्यात उतरतं. मामंजी पोटात दुखतं म्हणता म्हणता गेले, ते बहुधा हेच असावं.

बागेचं यांनी मनावर घेतलंय. तरवडाच्या बियांचं कवच कठीण, तशीच पेरली तर वर्ष वर्ष उगवत नाही. हे पलंगावर बसून एकेक बी पॉलिश पेपरवर घासतात. मी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पिशव्यांत पेरते. पावसाच्या तोंडाशी रोपं जमिनीत जातील. मी उताराला आडवे चर खणलेत, म्हणजे पडेल ते पाणी अंगणातच मुरेल. कुदळीनं तळहाताला फोड आले तेव्हा माझा हात धरून हे म्हणाले, आता कळलं, सुताराच्या हातात हात द्यायला तू का बिचकायचीस.

उत्तराची वाट पाहतोय, दोघंही.

तुमची वहिनी

ता. २ मार्च

चि. सौ. वहिनीस अ. आ.

तपासण्या झाल्या. माझं चालणार नाही म्हणाले, जुळत नाही. मी दोनदा विचारलं. डॉक्टरीणबाई तरुण आहे, पण बोलायला स्वच्छ आहे. ठोक्याला सांग, ताईनं टाळाटाळ केली नाही. दुसरं कुणी मिळतं का याची यादी असते म्हणे, त्यात नाव घातलं असेलच.

दुकानात पडद्याचं जाळीदार कापड उरलं होतं. चारी कोपऱ्यांना नाड्या लावून पाठवते, रोपांवर सावलीला बांध. दुपारचं ऊन कोवळ्या पानांना सोसत नाही.

माझी काळजी करू नकोस. जरा थकायला होतं, वयच झालं.

तुझी वन्सं

ता. २१ मे

ती. वन्संना नमस्कार.

तार मिळाली असेल. तुम्ही निघेपर्यंत थांबता आलं नाही. उष्मा इतका होता की दवाखान्यानंच देह ठेवून घ्यायला नकार दिला. काय झालं ते तारेत मावत नव्हतं.

त्या दिवशी मी मीटर वाचायला गेले होते. घरात प्यायच्या पाण्याला मी कुलूप लावत असे. यांनीच लावायला सांगितलं होतं. म्हणायचे, माझा भरवसा धरू नकोस, तहान लागली की मी मी राहत नाही. पण रोपांसाठी भाज्या धुतलेलं पाणी मी बादलीत नि झारीत साठवून ठेवत होते, आणि रोपांना घोट घोट घालायचं काम यांचंच होतं. तेवढं एक काम त्यांना उरलं होतं, ते मी काढून घेतलं नाही.

परत आले तर हे जाळीच्या सावलीत बसलेले, श्वास घुरघुरत होता. झारी रिकामी, पिशव्यांतली माती कोरडी. मातकट पाणी होतं ते, वन्सं, पालेभाजीची माती बसलेलं. तेवढंच नाही, शेजारीण म्हणाली की बादलीतलंही प्याले. ती दोनदा हाक मारून गेली, तर हात वर करून ठीक आहे म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत छाती पाण्यानं भरली होती. मला म्हणाले, रागवू नकोस, फार छान लागलं.

एवढंच बोलले.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना हृदय बंद पडलं म्हणून सांगते. तुम्ही त्यांच्या बहीण, तुमच्याशी खोटं बोलवेना.

वहिनी

ता. ८ जून

चि. वहिनी,

मायन्यात सवयीनं सौ. लिहिलं, मग कागद फाडला. पुन्हा तसंच झालं. या तिसऱ्या कागदावर आशीर्वाद लिहायलाही हात उचलत नाही. समजून घे.

तू त्याला मारलं नाहीस. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारायचं नाही. काम काढून घेतलं असतंस तर तो भिंतीकडे तोंड करून गेला असता. तो सावलीत बसून पोटभर पाणी पिऊन गेला. मला फार रडू आलं आणि मग त्याचा हेवा वाटला. का ते सांगते.

मार्चमध्ये मी खोटं लिहिलं. रक्त जुळत होतं. सोनोग्राफी करणारी बाई मध्येच थांबली आणि तिनं मोठ्या डॉक्टरला बोलावलं. माझ्याही दोन्ही बाजूंना तेच फुगे आहेत. अजून काम चालतंय, पण वर्षा-दोन वर्षांत डायलिसिसच्या त्याच खुर्चीत बसावं लागेल म्हणाले. तुला एकाच वेळी दोघांचं कसं सांगू? आणि ठोक्याला कळलं असतं तर माझी काळजी करण्यात त्याचे उरलेले दिवस गेले असते.

मला तुझ्याकडून काही नको. सांगितलं, कारण तू खरं लिहिलंस.

वन्सं

ता. १९ जून

ती. वन्संना सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. तुम्ही भावंडं सगळी एका माळेचे मणी, दुखणं लपवण्यात पटाईत. मग कामावर गेले, दिवसभर लोकांचे आकडे चुकीचे लिहिले आणि साहेबांची बोलणी खाऊन आले.

रोपं बहुतेक वाळली. तरवडाची थोडी आणि एक करवंद तगलंय, ती चरांच्या कडेला लावली. मन रमवायला लावली असं समजू नका, पिशवीत ठेवली असती तर तीही मेली असती.

यांची खोली मी पुसून घेतली. तुमचं शिवणयंत्र खिडकीपाशी बसेल, मापं घेतली आहेत. दवाखान्यातल्या सिस्टरना विचारलं, इथल्या इथे तुमची तपासणी होईल, आणि वेळ आली की पुढचंही. तुम्ही एकट्यानं त्या खुर्चीत बसून परत एकट्यानं घरी जायचं, हे मला जमणार नाही. तुम्हाला जमेल, तुम्ही हट्टी आहात. मला जमणार नाही.

मात्र एक आधी सांगते. तुम्ही याल, एक दिवस पाणी मागाल आणि मी नाही म्हणेन. तुम्ही रडाल, मला वैरीण म्हणाल, ठोक्याला मात्र प्यायला मिळालं असंही बोलाल. बोला. मी तरी नाहीच म्हणेन.

सामान थोडंच आणा. गाडी कळवा, मी स्टेशनवर येते.

तुमच्याशी भांडायला मागे उरलेली,
वहिनी