हात न उचलता भागाकार

६ जुलै, सोमवार

लॅबमध्ये आज नऊ ठोकळे फोडले. काँक्रीटचा ठोकळा प्रेसमध्ये ठेवायचा, फुटेपर्यंत दाबायचा, आकडा लिहायचा. इतका सरळ व्यवहार माणसांशी होत नाही.

उद्यापासून रविवारपर्यंत रजा. कारण ताईची पोरं. ठिणगी नऊ वर्षांची, रणगाडा सात. नावं भाऊजींनी ठेवली आहेत आणि ती कमी पडतात. दोघं गणितात सपाट. ताईने ठरवलंय की एक तारखेपासून पलीकडच्या इमारतीतल्या सरांकडे ट्यूशन. हे सर लाकडी पट्टीने मारतात. ताई म्हणाली, आपण नाही का मार खाल्ला, तू इंजिनिअर झालीस ना? मी म्हटलं, झाले ती मार चुकवता चुकवता.

शेवटी तह झाला. आठवडाभर मी शिकवणार, घरातल्या घरात, खेळातून. रविवारी ताई परीक्षा घेणार. जमलं तर सर रद्द.

नियम एकच. हात उचलायचा नाही. मी यांच्या मागच्या खोलीत राहते, भाडं देत नाही, निदान पोरांना पट्टीपासून वाचवावं.

लॅबमधला सहायक म्हणाला, मॅडम, सात दिवसांत सिमेंटसुद्धा पुरतं धरत नाही. दुर्लक्ष केलं.

७ जुलै, मंगळवार

लांबी. स्टीलची टेप दिली आणि घरातल्या वस्तू मोजायला सांगितल्या. पहिली काही मिनिटं उत्तम. मग ठिणगीला कळलं की बटण दाबलं की टेप सपकन परत येते. तिने ती रणगाड्याच्या हनुवटीजवळ सोडली. रक्त. रणगाड्याने टेपची डबी तिच्या गुडघ्यावर हाणली.

तरी उद्दिष्ट साधलं. रणगाड्याने स्वतःची जखम स्वतः मोजली, दोन सेंटिमीटर. खरी अडीच होती, पण तो रडत होता, तेवढी चूक धरतातच.

संध्याकाळी ताई म्हणाली, हनुवटीला काय झालं? मी म्हटलं, प्रात्यक्षिक.

८ जुलै, बुधवार

वजन. हँगरला दोन बाजूंना दोन छोट्या बादल्या बांधून तराजू केला. जड कुठलं, हलकं कुठलं, आधी अंदाज, मग खात्री. कल्पना माझीच. चांगली होती.

रणगाड्याचं म्हणणं, साबणाच्या वड्या जड. ठिणगीचं म्हणणं, बटाटे. तराजूने ठरवायचं सोडून दोघांनी एकमेकांवर फेकून ठरवायला सुरुवात केली. एक वडी खिडकीच्या काचेतून पलीकडे. बटाटा भिंतीवर. हँगर रणगाड्याच्या हातात राहिला, तो त्याने तलवारीसारखा चालवला. भाऊजी मध्ये पडायला आले तेव्हा बादली, बटाट्यांसकट, त्यांच्या अंगठ्यावर पडली. नख काळंनिळं. ते एका पायावर उभं राहून म्हणाले की सरांची पट्टी यापेक्षा बरी, निदान ती एकाच माणसाच्या हातात असते.

भाऊजी शिक्षणशास्त्र शिकलेले नाहीत.

मी आवाज चढवला नाही. स्पष्ट बोलले. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई वर येऊन काय झालं विचारून गेल्या, तो त्यांचा चौकस स्वभाव.

९ जुलै, गुरुवार

भागाकार. तेरा बिस्किटं, दोन मुलं. प्रत्येकाला सहा, बाकी एक. बाकी ही कल्पना हातात धरता यावी म्हणून एक बिस्कीट मुद्दाम जास्त ठेवलं होतं.

बाकीसाठी ठिणगीने रणगाड्याचा कान चावला. सोडेना. रणगाड्याने तिचे केस मुठीत धरले. दोघं एकमेकांत अडकून टेबलाखाली गेली, टेबलक्लॉथ सोबत गेला, त्यावरचं सगळं त्याच्यासोबत. मी ते तेरावं बिस्कीट उचललं, फरशीवर ठेवलं आणि चपलेने त्याचा भुगा केला. म्हटलं, आता बाकी शून्य.

दोघांनी एकमेकांना सोडलं. माझ्याकडे बघत राहिली. एखादी कल्पना मुलाच्या मनात उतरते तो क्षण हाच. समाधान वाटलं.

कानाला टाके नाहीत. नुसतं औषध.

१० जुलै, शुक्रवार

वजाबाकी. पाण्याने भरलेल्या दहा बाटल्या ओळीत उभ्या, चेंडूने पाडायच्या, किती उरल्या ते सांगायचं. घनाचे पैलू आणि कडा दाखवायला लॅबमधून एक छोटा ठोकळाही आणला होता. तो टेबलावर ठेवायला नको होता, पण प्रत्येक गोष्ट आधी कळती तर प्रेसची गरजच पडली नसती.

चेंडूने तीन पडल्या. रणगाडा म्हणाला, सात उरल्या. बरोबर! मग त्याने ठोकळा घेतला. बाटल्या सातच राहिल्या. टीव्ही उरला नाही.

इथे नोंद अचूक हवी. मी हात उचलला नाही. कपाटावरून झाडू काढण्यासाठी माझा हात आधीच वर होता. तो फक्त खाली आला. रणगाड्याची पाठ वाटेत होती. ठिणगी हसली म्हणून तिच्याकडेही आला.

नियम मोडलेला नाही.

ताईला टीव्हीचं सांगितलं. बाकीचं मोठं नव्हतं.

११ जुलै, शनिवार

अभूतपूर्व प्रगती. आज खेळ नाहीत, नुसती उजळणी. घरात इतकी शांतता की नळाचा थेंब ऐकू येतो. याला एकाग्रता म्हणतात. टेप, हँगर, बाटल्या, कशाचीच गरज पडली नाही. उगाच चार दिवस घालवले.

हात काही वेळा खाली आला. किती ते लिहून ठेवलं नाही. ठरलेली पद्धत नसली की आकड्यांना अर्थ नसतो. एकदा ठिणगीने छपन्न भागिले सात आठ असं बरोबर सांगितलं, तरी हात आला, कारण तो निघाला होता.

मी पाणी प्यायला उठले तरी रणगाडा दोन्ही हात डोक्यावर घेतो. बहुधा शाळेतला व्यायाम.

दोघं आज एकमेकांशी अजिबात भांडली नाहीत. एका चादरीखाली बसून कुजबुजत होती. गटकार्य.

१२ जुलै, रविवार

ताईने परीक्षा घेतली. दहा दहा गणितं. ठिणगी आठ, रणगाडा सात. भाऊजींनी शिट्टी वाजवली. ताई म्हणाली, हरले बाई, मानलं तुला, आणि सरांना नको सांगायला फोन हातात घेतला.

रणगाडा धावत आला आणि तिच्या मनगटाला चावला. फोन पडला. ताईने त्याला झटकलं तर तो तिच्या पायाला मिठी मारून ओरडत राहिला की सरांकडेच पाठव, सरांकडेच पाठव. मला वाटलं, परीक्षेचा ताण.

मग ठिणगी बोलली. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, कारण ती तिथे जाऊन बसली होती. म्हणाली, आई, शिवणवाल्या काकूंचा मुलगा जातो सरांकडे. तिथे चुकलं तरच मारतात. एका चुकीला एक पट्टी, तीही हातावर. आठवड्यात तीन दिवस क्लास, माझ्या रोज दोन चुका, म्हणजे महिन्याला चोवीस. मावशीचे मला एकटीला शुक्रवारपासून सव्वीस झालेत. रणगाड्याने मोजलेत.

ताईने मनगट चोळायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. भाऊजींनीही. ताईने रणगाड्याचा शर्ट वर करून पाठ बघितली, फोन उचलला, सरांना लावला आणि विचारलं की उद्यापासून चालेल का.

माझ्याकडे नोंद नाही, त्यामुळे सव्वीसला आव्हान देता येत नाही.

खोलीत येऊन ठिणगीचं सरांचं गणित मात्र कागदावर करून बघितलं. तीन गुणिले चार, गुणिले दोन. चोवीसच येतात.