छत्रीच्या काडीवरची खूण

मु. कारधा

तीर्थस्वरूप आनंदराव भाऊजींस,

टेकचंदचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. ‘सगळे बरे आहेत’ असं लिहिणार होतो, पण ताई गेल्यापासून ‘सगळे’ हा शब्द हाताला येत नाही. तुमचा गुडघा पुण्याच्या हवेला कसा काय? लेकीकडे, खुशबूच्या घरी, लिफ्ट आहे हे चांगलं. तुम्ही वरठीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होता, तेव्हा ती लिफ्ट उघडून पाहायची इच्छा तुम्हाला रोज होत असणार. पाहू नका.

फोनवर तुम्ही सांगितलं, अड्याळचा देवाजी रविवारी गिऱ्हाईक म्हणून डोंगा पाहायला येईल, त्याच्याआधी इंजिनाचं ऑईल बदल. ‘आता मला तो डोंगा डोळ्यांपुढे नको,’ असंही म्हणालात. (तो कारध्याच्या घाटावर पाण्यात, तुम्ही पुण्यात. तुमच्या डोळ्यांपुढे कसा काय येतो ते विचारायचं राहिलं.) काम मी अगदी तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. इंजिन थोडं चालवून गरम केलं, खालचा बोल्ट काढला, जुनं ऑईल परातीत धरलं. परात आमच्या घरातली होती. त्यावर शकुन काय बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. कणिक आता पातेल्यात मळली जाते.

मग नवं ऑईल ओतलं, सव्वा लिटर, मापानं. आणि ऑईल मोजायची काडी बुडवली. कंपनीची काडी पहिल्याच वर्षी वैनगंगेत पडली होती आणि तुम्ही छत्रीची काडी घासून, तिच्यावर कानसेनं खूण करून नवी बनवली होती, तीच ही. ऑईल खुणेच्या बोटभर खाली. मला वाटलं, भंडाऱ्याच्या दुकानदारानं डबा कमी भरला. त्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले आणि आणखी ओतलं. तरी खालीच. आणखी ओतलं. तुमची खूण आहे म्हटल्यावर शंका घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणून खुणेला टेकेपर्यंत ओतत राहिलो आणि समाधानानं हात पुसले.

रविवारी देवाजी आला. मी ऐटीत हँडल मारलं. पहिल्यांदा निळा धूर निघाला, इतका की घाटावर धुणं धुणाऱ्या बाया ओले कपडे तसेच उचलून वर गेल्या. मग इंजिनानं ऑईल माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर थुंकलं. मग ते स्वतःचंच ऑईल पिऊन पळायला लागलं. मी बंद करतोय आणि ते ऐकत नाही. (तुमच्याच हाताखाली वाढलेलं.) शेवटी देवाजीनं माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडात कोंबला तेव्हा ते गप्प झालं. दुपट्टा गेला. तो ताईनंच दिला होता.

देवाजी म्हणाला, ‘भाऊ, ऑईल लय जास्त झालं. काडीची खून चुकली हाय.’

मी म्हणालो, ‘आमच्या भाऊजीची खून हाय, ते चुकत नाही.’

तो भला माणूस. हसला नाही. डोंग्याभोवती फिरला आणि म्हणाला, ‘मंग पयले मोहरं कोनी बसे काय? डोंग्याचं बूड खाली जाऊन राहिलं. ऑईल सारं मांगं जाते, काडीले भेटनच कसं?’

भाऊजी, गालावर ऑईल होतं म्हणून बरं झालं.

पूल दहा मिनिटांवर असताना तुम्ही दोघं भाजी घेऊन डोंग्यानं पाऊण तासात भंडाऱ्याला जायचात आणि सारा गाव हसायचा. निघायच्या आधी तुम्ही रोज म्हणायचात, ‘बस वं जागेवर,’ आणि ताई समोरच्या बसायच्या पाटीवर बसली की मगच काडी बुडवायचात. आम्हाला वाटायचं, तुम्हाला बायकोशिवाय ऑईलसुद्धा पाहवत नाही. ती खूण तुम्ही ताई बसलेली असतानाच केली होती. ताई नसताना ती बरोबर येणारच नाही.

मी शकुनला म्हटलं, तू बस. ती म्हणाली, ‘ते ताईची जागा हाय, मी नाही बसत.’ म्हणून ऑईल सगळं काढून पुन्हा सव्वा लिटर भरलं आणि पाटीवर धानाचा एक कट्टा, चाळीस किलोचं भरलेलं पोतं, ठेवला. खुणेला थोडं कमी. आणखी अर्धा ठेवला, तर ऑईल बरोबर खुणेवर. दीड कट्टा, म्हणजे साठ किलो. ताई जन्मभर पन्नासच सांगत आली. शेवटी दवाखान्यातल्या काट्यावर अडतीस भरली होती, पण ते वजन मी धरत नाही. मी दीड कट्टाच धरतो.

इंजिन आता शहाण्यासारखं चालतं. काळजी नसावी.

तुमचा,
टेकचंद

ता. क. १ : देवाजीला डोंगा पसंत आहे. मी त्याला, तुमच्याशी बोलून कळवतो, म्हटलं. कधी बोलतो ते सांगितलं नाही.

ता. क. २ : तो काडीवर नवी खूण करून घेईन म्हणत होता. मी काडी घरी आणली. देवाच्या फोटोमागे आहे.

ता. क. ३ : डोंगा विकू नका. वरचं सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. कट्टे अजून पाटीवरच आहेत. शकुन रोज म्हणते, ‘उंदरं लागतीन, काढा ते.’ मी म्हणतो, भाऊजी एकदा येऊन काडी पाहतील, मग काढू.