सहाव्या मजल्यावरचं तापमान

७ एप्रिल, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. रोज आणि खरं तेच लिहायचं.
नवी केस आली. सहाव्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा खोलीत मृत सापडले. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी तिथल्या अळ्या गोळा केल्या. काही बाटलीत, काही जिवंत डब्यात, खाली कलेजी घालून. आमच्या लॅबचं कामच हे. अळी किती वाढली आणि खोली किती गरम होती यावरून अळीचं वय, वयावरून मृत्यूचा दिवस. माझ्याकडे जबाबदारी दिली: आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्या खोलीत जाऊन तापमान नोंदवायचं. अकरा वर्षं अळ्यांमध्ये काढलेल्या माणसाला हे काम म्हणजे किस झाडकी पत्ती.

८ एप्रिल
लिफ्ट बंद. सहा मजले चढलो. वर पत्र्याचं छप्पर. थर्मामीटर ३९ दाखवतो. शक्यच नाही. पेपरात आज ३४ दिलंय, आणि घरात सावली असते हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या खिशात तापला असणार. वहीत ३१ लिहिलं. यंत्रापेक्षा अनुभव मोठा.
संध्याकाळी गेलो नाही. गुडघा.

९ एप्रिल
पेपरात तापमान रोज छापून येतंच. त्यातून तीन वजा. हे आधी कुणाला का सुचलं नाही, कळत नाही.
बायकोने विचारलं, आज लवकर कसे. म्हटलं, काम संपवून आलो. संपवलंच होतं.

१० एप्रिल
सकाळी ३०. संध्याकाळी २९. रोज एकच आकडा बरा दिसत नाही.
उद्या नक्की जाणार.

११ एप्रिल
गेलो नाही. पण गेलो नाही ते बरंच झालं. मॅडम कोर्टात होत्या आणि इन्स्पेक्टरचा फोन आला. अंदाज तरी सांगा म्हणाले. माझे आकडे घेऊन मी हिशेब मांडला. इतक्या थंड खोलीत एवढी अळी व्हायला पाच दिवस हवेत. आजोबा सापडले सोमवारी, म्हणजे मृत्यू त्याआधीच्या बुधवारी. इन्स्पेक्टर म्हणाले, तुम्ही फार मोठं काम केलंत. मीही नाही म्हटलं नाही.

१२ एप्रिल
आजोबांना सांभाळायला एक बाई होत्या. त्यांचं म्हणणं, गुरुवारी संध्याकाळी मी सुट्टीवर निघाले तेव्हा आजोबा चांगले बोलत होते, शुक्रवारपासून त्यांचा मुलगा येणार होता. पण बुधवारी गेलेला माणूस गुरुवारी बोलेल कसा? त्यांना चौकीवर बसवून ठेवलंय.
खोटं बोलून माणूस किती टिकणार? विज्ञानापुढे कुणाचं चालत नाही.
जेवण गेलं नाही. डाळ खारट होती. बायको म्हणते नव्हती.

१३ एप्रिल
रविवार. विश्रांती. दिवसभर पंख्याकडे बघत पडून होतो.

१४ एप्रिल
कागद द्यायला चौकीवर गेलो. त्या बाई बाकावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. घाईत आणलं असणार. हवालदाराला सांगत होत्या, मी गेले तेव्हा ते म्हणाले, पंखा वाढव गं, भट्टीत बसल्यासारखं होतंय.
तिथून थेट सहा मजले चढलो. एकदाही थांबलो नाही. थर्मामीटर या वेळी खिशात ठेवला नाही, हातात लोंबता धरला. ४०.
पायरीवर बसून पुन्हा हिशेब केला. खऱ्या उकाड्यात अळी तीनच दिवसांत एवढी होते. मृत्यू शुक्रवारी. बाई खरंच बोलत होत्या. शुक्रवारी मुलगाच आला नसणार.

१५ एप्रिल
मॅडमना सांगायचं ठरवलं. सकाळी त्या मायक्रोस्कोपवर होत्या, एकाग्रता मोडणं बरं नाही. दुपारी जेवत होत्या. संध्याकाळी त्यांचा चेहरा दमलेला वाटला. दुसऱ्याचा विचार करण्याची माझी ही सवय कधीतरी मला नडणार.
त्या बाई आजही चौकीवर असतील.
झोप नाही.

१६ एप्रिल, सकाळी १०
सांगितलं. सगळं. ३९, पेपर, वजा तीन, इन्स्पेक्टर. नोकरी गेली तरी चालेल, असंही म्हटलं.
मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, त्या बाई काल सुटल्या. रिपोर्टमध्ये शुक्रवारच दिलाय. मी विचारलं, पण माझे आकडे? त्या म्हणाल्या, तुमचे आकडे मी कधीच वापरत नाही. लॅबला येताना आणि घरी जाताना मीच वर जाऊन येते. अकरा वर्षं प्रत्येक केसमध्ये हेच चाललंय. पण फोनवर न विचारता अक्कल पाजळाल हे मला माहीत नव्हतं, ती चूक माझी.
रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० एप्रिल
त्या बाईंकडे माफी मागायला गेलो. वाक्य पाठ केलं होतं: तुम्हाला जो त्रास झाला तो माझ्यामुळे.
एक खोली. दारात स्वच्छ धुतलेल्या पायऱ्या. त्यांना पाठवणाऱ्या एजन्सीने त्यांना काम देणं बंद केलंय, पोलिसांच्या भानगडीतली बाई कोण ठेवणार म्हणून. मी लॅबमधून आलोय म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. म्हणाल्या, इन्स्पेक्टर साहेबांनी सांगितलं, तुमच्या लॅबचं कुणीतरी रोज त्या भट्टीत जाऊन तापमान घेत होतं, म्हणून मी सुटले.
मी म्हटलं, आमचं कामच आहे ते.
मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, शुक्रवारीच गेले ना ते नक्की? मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, म्हणजे मी आणखी एक दिवस थांबले असते तर. डोळे पुसले, पाणी आणून दिलं.
आणि म्हणाल्या, एवढे सहा मजले, एवढ्या उन्हात, रोज कोण चढत होतं हो? तुम्हीच का?
मी ग्लास तोंडाला लावला. तो मघाशीच रिकामा झाला होता. तरी बराच वेळ पीत राहिलो.