‘लढाऊ’ हा शब्द खोडून

मी, विमल बळवंत टिपणीस, वय तेवीस, राहणार भिसेगाव, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. मी शुद्धीवर आहे. भीती वाटते, पण भ्यालेल्या माणसाचे मृत्युपत्र ग्राह्य धरतात, हे वकिलांना विचारून घेतले आहे. दसऱ्यास लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझे बंधू कै. मधू यांनी हयातीत मला दिलेल्या विमानास मी ‘महायुद्धातील लढाऊ विमान’ म्हटले आहे. ते चूक आहे.

त्याच्या पुढच्या बैठकीखाली एक लोखंडी खोबण आहे. ती बंदुकीची, असे मधू समजे व मीही समजले. मुंबईस परवान्यासाठी शिकताना अशाच जुन्या विमानात शिक्षकांनी त्या खोबणीत विमान वळवण्याचा दुसरा दांडा बसवला, आणि माझा हात चुकला की ते आपल्या दांड्याने सावरीत. तेव्हा उलगडा झाला. पुढे रंग खरवडला तर शेपटीजवळ विलायतेतल्या एका वैमानिक शाळेचे नाव निघाले. हे शिकाऊ विमान आहे. युद्धाची वर्षे त्याने मुले शिकवली, मग हिंदुस्थानात येऊन गुदामात पडून राहिले, आणि लिलावात मधूने ते घेतले.

एका शब्दाचा एवढा हट्ट का, ते लिहिते. मधू विषमज्वराने गेला तेव्हा आई म्हणाली, “माणसं मारलेलं यंत्र दारी आणलं, त्याचे तळतळाट लागले.” तेव्हापासून ती विमान उभे असलेल्या खाचराकडे पाहत नाही. मात्र याने कोणासही मारले नाही, असेही मी लिहू शकत नाही. डाव्या पंखातील एक फळी नवी आहे, सांगाडा पुढे सांधलेला आहे. शिकताना कोण पडले, कोण उठले, मला ठाऊक नाही.

खाचर नानाकाकांचे. संक्रांतीपर्यंत विमान उडाले नाही तर इंजिन त्यांच्या भाताच्या गिरणीस द्यायचे, हे मी कबूल केले आहे. ‘शिकाऊ’ ऐकून ते म्हणाले, “म्हणजे अजून शिकतंय होय! मग गिरणीत उमेदवारीला घाला.” ते माझ्या मनात राहिले आहे. मी पडले आणि इंजिन वाचले, तरी ते गिरणीस देऊ नये. विमान धड राहिल्यास खोबणीत दुसरा दांडा बसवून, जो कोणी या तालुक्यातील मुलामुलींना शिकवील त्यास द्यावे. मोडल्यास लाकूड ठाकूरवाडीस द्यावे.

माझ्या पाटल्या आईच्या. तांदळाच्या ताटात बोट धरून तिने मला अक्षरे शिकवली. त्याच अक्षरांनी हे लिहिते आहे.

या इंजिनास वंगण म्हणून एरंडेलच लागते. ते वाडीतली ठकी काढून देते. उरलेले डबे व माझी लोकरी शाल तिची. पहिला डबा आणला तेव्हा ती म्हणाली, “ताय, येवढा एरंडेल पितंय, आता उडल का परसाकडं बसल गं?” त्या दिवशी मधू गेल्यानंतर प्रथमच आई हसली, आणि लगेच आत गेली.

मी पडले तर दोष माझ्या हाताचा किंवा वाऱ्याचा. तळतळाट हा शब्द कोणी काढू नये.

हे सर्व काल आईस वाचून दाखवले. तिने खोबणीचा मजकूर पुन्हा वाचायला लावला. मग विचारले, “म्हणजे पुढं बसून कुणीतरी सांभाळायचं?”

“हो.”

“आणि तू एकटी जाणार.”

“हो, आई.”

तिने विचारले, “कधी?”

तोंडी सांगितलेला दिवस मी यापूर्वी मोडला आहे. म्हणून तिला द्यायचे उत्तर खाली लिहिते.

ठकीस डबे व शाल ठेवली असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. नानाकाकांना काहीच ठेवलेले नाही, सबब ते साक्षीस चालतात.

साक्षी:
१. नारायण विठ्ठल टिपणीस, काका
२. हिरामण पदू भोईर, विमानाचा पंखा हाताने फिरवून देणारा, निशाणी अंगठा

सही: विमल बळवंत टिपणीस
मुक्काम भिसेगाव, शुक्रवार, ता. ८ जानेवारी १९३२

आईस उत्तर: रविवारी, ता. १० जानेवारीस, सकाळी, दव वाळल्यावर.